तथापि, विहीणबाई

मुलीनं लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि तिचे बाबा डायनिंग टेबलाशी बसून लॅपटॉपमध्ये डोकं घालून होते. ती आर्किटेक्चर शिकायला बार्सिलोनाला गेली, शिक्षण संपल्यावर तिथंच नोकरीला लागली आणि त्या वर्षी दिवाळीला सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या आमच्या घरी आली होती. तिसरी पोळी तव्यावर पडल्यावर म्हणाली, "आई, बाबा, एक मुलगा आहे."

बाबांनी लॅपटॉप मिटला. "कुठला? स्पॅनिश का?"

"कातालान, बाबा. स्पॅनिश म्हणालात तर त्याची आई नाराज होईल."

"म्हणजे धर्म वेगळा?"

"भाषा वेगळी! त्या भागात घरोघरी कातालान बोलतात. स्पॅनिश निराळी, ती निराळी. हिंदी आणि मराठीसारखं, ला!" सिंगापूरच्या शाळेतलं ते 'ला' तिच्या जिभेवरून अजून उतरलं नव्हतं.

दोन दिवसांनी व्हिडिओवर मुलगा दिसला. दाढीवाला, लाजरा, इंग्रजी चांगलं. वडील लहानपणीच गेलेले. आई एब्रो नदीच्या मुखाजवळच्या गावात औषधांचं दुकान चालवते आणि इंग्रजी अजिबात बोलत नाही, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं मला विचारलं, "माझी आई तुमची कोण होणार? इंग्रजीत तर याला शब्दच नाही."

"विहीण," मी म्हटलं.

तो खुर्चीतून उठलाच. "तुमच्याकडे शब्द आहे! आमच्याकडेही आहे. कोन्सोग्रा!"

मला इतका आनंद झाला की लाटणं हातात घेऊनच मी तो शब्द चार वेळा म्हणून पाहिला. वीस वर्षं इंग्रजीत नोकरी केली, पण आपल्या व्याह्यांची ओळख करून द्यायची वेळ आली की 'माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील' अशी मालगाडी जोडत बसणारे मित्र मी पाहिले होते. इथं जगाच्या दुसऱ्या टोकाला एका भाषेत विहीण होती. मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की मी कातालान शिकणार.

"कशाला? मुलगी आणि जावई आहेत की दुभाषे," हे म्हणाले.

"दुभाषा मध्ये घालून गप्पा मारायच्या म्हणजे मोजे न काढता पाय चेपून घेण्यासारखं आहे."

लग्न पुढच्या वर्षअखेरीला, सिंगापूरलाच करायचं ठरलं. म्हणजे माझ्या हातात वर्षाहून थोडा जास्त वेळ होता. माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये, एका बँकेच्या अकाउंट्स विभागात. घर बेटाच्या पश्चिमेला, ऑफिस पूर्वेला. एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, बसले की कानात धडे सुरू. सुरुवातीचं सगळं भराभर आलं. सफरचंद तांबडं आहे, माझी बहीण उंच आहे, बाजार कुठे आहे. शेजारी बसलेल्या चिनी आजी माझ्या पुटपुटण्याकडे बघून जरा सरकून बसत.

सात-आठ महिन्यांत माझी गाडी अडली. मुलगी नि जावई फोनवर कौतुक करत, पण मला कळत होतं. मला 'पाऊस पडतोय' म्हणता येत होतं. 'कसली मेली रिपरिप लावलीय' म्हणता येत नव्हतं. सगळी वाक्यं इस्त्रीच्या कपड्यांसारखी कडक. मला पुढचे शब्द हवे होते, आणि ते कानातल्या धड्यांत नव्हते.

एका शनिवारी लायब्ररीत निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांची बैठक असते असं कळलं म्हणून गेले. कोणी जपानी शोधत होतं, कोणी तमिळ. मी कातालान म्हटल्यावर पाच-सहा जणांनी माना हलवल्या. मागून एक खणखणीत आवाज आला, "बाई, तुम्ही ते पुन्हा म्हणा."

उंच, गोरे, टक्कल पडलेले, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, मूळचे कातालान. जहाजांवर इंजिनिअर म्हणून जन्म काढलेले, सिंगापूरच्या चिनी बाईशी लग्न करून इथेच मुरलेले. आंग मो किओला बायकोच्या फ्लॅटवर राहत. इतक्या वर्षांत या देशात आपण होऊन कातालान शिकणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं, तेही पंजाबी ड्रेस घातलेलं. त्यांनी मला तिथल्या तिथे शिष्य करून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांना गुरुजी म्हणू लागले. शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्यांना तो फारच आवडला.

दर शनिवारी सकाळी आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, शिकवणी. त्यांच्यापुढे काळी कॉफी, माझ्यापुढे चहा आणि मध्ये मी नेलेल्या चकल्या. त्यांची एकच अट होती. "मी शब्दाचा अर्थ सांगणार नाही. शब्द राहतो कुठे, तेवढं दाखवीन. घर सापडलं की ओळख तुम्ही करून घ्या."

पहिल्याच शनिवारी त्यांनी डोळ्यांनी पलीकडचं टेबल दाखवलं. ऑफिसच्या कपड्यांतला एक तरुण माणूस चॉपस्टिकनं सूपमधली कोथिंबिरीची पानं वेचून बशीच्या कडेला ओळीनं मांडत होता. गुरुजी हळूच म्हणाले, "ल्येपाफिल्स." शब्दाची फोड केली तर दोरे चाटणारा. मी म्हटलं, कंजूष? नाही. हावरट? मुळीच नाही. "माझी बायको कालचा भात खात नाही, टोमॅटोची साल काढते, आणि मासा आला की आधी त्याच्या डोळ्यांत बघते. तीही ल्येपाफिल्स." तेव्हा प्रकाश पडला. खाण्यापिण्यात नाकं मुरडणारं, खोट काढणारं माणूस. पुढच्या आठवड्यात मी सांगितलं की आमचा साहेब रिपोर्टातले स्वल्पविराम मोजतो, तोही ल्येपाफिल्स. गुरुजींनी टेबलावर थाप मारली. "बरोबर! शब्द घरातून बाहेर पडून शेजारी गेला."

मग 'साफारेच' आला. म्हणजे कपडे धुवायचा दगडी हौद. पण 'साफारेच करणं' म्हणजे कपडे धुणं नव्हे. ते अर्थ सांगायच्या आत मीच ओरडले, "नळावरच्या गप्पा!" बायका एकत्र धुणं धुताना काय करतात हे मला आणखी कोणी सांगायची गरज नव्हती. पुढे एक म्हण आली: ज्याला काम नाही तो मांजराचे केस विंचरतो. मी म्हटलं, आमच्याकडे असला रिकामा माणूस न्हावी असतो आणि तो भिंतीला तुंबड्या लावतो. तुंबडी म्हणजे काय हे समजावताना मला कॉफीचा रिकामा पेला टेबलाच्या कडेला चिकटवून दाखवावा लागला. गुरुजी इतके हसले की शेजारच्या स्टॉलवरच्या मावशी पाणी घेऊन आल्या.

घरी येऊन मी यांना नवीन पदवी दिली. यांचा एक जुना बेत होता, निवृत्तीनंतर कोकणात कॉफीची बाग लावायची. कोकणात, आणि कॉफीची. कातालानमध्ये अशा माणसाला 'सुमियात्रुइतस' म्हणतात, स्वप्नात आमलेट बघणारा. हे म्हणाले, "हे कौतुक आहे ना?" मी म्हटलं, "निम्मं."

पण गुरुजींचा जीव खरा जडला होता तो भारदस्त शब्दांवर. 'तानमातेश' म्हणजे तथापि. 'आदुक' म्हणजे देखील, पण राजदरबारातलं देखील. असे शब्द उच्चारताना ते पाठ ताठ करत. मला ते ऐकायला गोड वाटायचे आणि मी ते मनापासून पाठ करायची. एकदा मी विचारलं, "तुमच्या घरात असे शब्द बोलायचे का?"

ते थोडा वेळ कॉफी ढवळत राहिले. कॉफीत साखर नव्हती.

"घरात आम्ही गाई, चिखल आणि पोट याबद्दल बोलायचो," ते म्हणाले. "हुकूमशहाचे दिवस, शाळेत कातालान बोललं तर हातावर पट्टी बसायची. वाचायला-लिहायला शिकलो ते स्पॅनिश. आईला जहाजावरून पत्र लिहायचो तेही स्पॅनिशमध्ये. तिला ते शेजारीण वाचून दाखवायची आणि मग आई म्हणायची, हा माझा मुलगा वाटत नाही. तिशी उलटल्यावर जुनी पुस्तकं मिळवली आणि बंकवर पडून स्वतःची भाषा लिहायला शिकलो. पुस्तकं जुनी, म्हणून शब्दही जुने. मला तेवढेच मिळाले. आई होती तोवर दोन पत्रं तिच्या भाषेत गेली."

मी चकल्यांचा डबा त्यांच्याकडे सरकवला. त्या दिवसानंतर मी 'तानमातेश' जास्तच उत्साहानं वापरू लागले.

डिसेंबरात विहीणबाई आल्या. चांगी विमानतळावर आम्ही दोघं, मुलगी आणि आठवडाभर आधी आलेला जावई, असे उभे होतो. स्वागताची चार वाक्यं मी तयार केली होती. गुरुजींना दाखवली नव्हती, त्यांना खूश करायला नंतर सांगणार होते. दार सरकलं. बुटक्या, रुंद हाडाच्या, करड्या केसांचा बॉबकट केलेल्या, पॅंट-शर्टातल्या बाई मोठी बॅग ढकलत आल्या. मी पुढे झाले आणि पहिलं वाक्य म्हणाले. त्याचं मराठी करायचं तर असं होईल:

"परमप्रिय विहीणबाई, आपला प्रवास प्रदीर्घ झाला, तथापि आपले आगमन आम्हांस, किंबहुना अखिल कुटुंबास देखील, हर्षदायक आहे."

त्यांनी बॅग सोडली. माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे वळून काहीतरी भरभर विचारलं. तो खाली बघू लागला. माझी मुलगी तोंडावर हात ठेवून थरथरत होती.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आई, त्या विचारतायत, तुझी सासू नोटरी आहे का?"

मी लाल झाले असेन. पण तेवढ्यात त्या दोन्ही हात पसरून आल्या, माझ्या दोन्ही गालांवर दणदणीत मुके घेतले आणि हसून हसून डोळे पुसू लागल्या. नमस्काराला हात जोडून उभ्या असलेल्या यांनाही सोडलं नाही. हे नंतर टॅक्सीत बसेपर्यंत हात जोडलेलेच होते.

टॅक्सीत विहीणबाई बोलत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला निम्मंही कळत नव्हतं. इंग्रजीतल्या 'द'ला जिथे मी 'एल' शिकले होते तिथे त्या 'लो' म्हणत. माझ्या मुलीला 'चिकेता' म्हणत, म्हणजे पोरगी. गुरुजींचे दबके 'उ' त्यांच्या तोंडी मोकळे 'ओ' होऊन येत. एब्रोच्या मुखाकडची बोली वेगळी आहे हे जावयानं एकदा सांगितलं होतं, आणि मी मान डोलावून सोडून दिलं होतं. त्यातून आमच्याकडे विहिणीला अहो-जाहो, म्हणून मी आदरार्थी रूपं घोटून पाठ केलेली, आणि त्या पहिल्या मिनिटापासून मला अगं-तुगं करत होत्या.

वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. मी जन्मानं वऱ्हाडातली. कॉलेजला पुण्यात आले तेव्हा हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी 'मी जेवून राहिली' म्हणाले आणि खोलीतल्या दोघी मुली जेवून कुठे राहिली म्हणून विचारत बसल्या होत्या. भाषा पुस्तकात एक असते आणि घरात दुसरी, हे मला कळायला नको होतं? वर्षभर मी सदाशिव पेठेतलं कातालान शिकले होते आणि विहीण मिळाली होती अकोल्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर गेले होते. आम्ही दोघीच घरी. त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "ग्रानेरा कुठंय?"

मला 'ग्राने' माहीत होता. गुरुजींनी शिकवलेला: धान्याचं कोठार. मला वाटलं, यांच्या माहेरी भाताची शेती, भाऊ अजून शेती करतात, तेव्हा आमचं धान्य कुठे ठेवतो ते बघायचं असेल. मी ओट्याखालून तांदळाचा मोठा डबा ओढला, झाकण काढलं आणि अभिमानानं बाजूला झाले.

त्यांनी डब्यात पाहिलं. त्यांच्या दुसऱ्या हातात टोस्टचा चुरा पडलेली बशी होती. खालीही चुरा सांडला होता. त्यांना झाडू हवा होता. त्यांच्याकडे झाडूला ग्रानेरा म्हणतात.

पण झाडूचं राहिलंच. त्यांनी बशी ओट्यावर ठेवली, डब्यातला तांदूळ ओंजळीत घेतला, नाकाशी नेला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. आंबेमोहोर होता, लिटल इंडियातून आणलेला. दोन दाणे दातांखाली चावून पाहिले. मग विचारायला लागल्या, पाणी किती, भिजवता का, ढवळता का. आता मला त्यांचं सगळं कळत होतं, कारण तांदळाबद्दल एक बाई दुसरीला काय विचारणार हे ठाऊकच असतं. त्यांनी सिमला मिरची, फरसबी आणि टोमॅटो घालून त्यांच्या पद्धतीचा भात केला. मी सवयीनं चमचा घालायला गेले तर माझा हात धरला. ढवळायचं नाही! ती शिस्त त्यांनी मला तीन निरनिराळ्या क्रियापदांनी समजावली, आणि तिन्ही मी त्या दुपारी कायमची शिकले. तळाशी धरलेली खरपूड कोणी खायची यावरून जेवताना विहीण आणि हे यांच्यात ओढाताण झाली. विहीण जिंकल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी मला त्यांची ओटी भरायची होती. आपली रीत, वरमायची ओटी भरायची. ओटीला शब्द शोधला तर 'फाल्दा' निघाला. मी सांगितलं, "इथे पाटावर बसा, मला तुमच्या फाल्दात तांदूळ आणि नारळ घालायचाय."

त्या स्वतःच्या पॅंटकडे बघू लागल्या. 'फाल्दा' म्हणजे परकरही, स्कर्टही. त्यांना वाटलं, या घरात तांदूळ घेण्यासाठी विशेष पोशाख लागतो. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मी फाल्दा आणलाच नाही गं. विकत आणू का?"

मी गुरुजींना फोन लावला. ते पलीकडे खोकेपर्यंत हसले आणि म्हणाले, "उभ्या बाईचा फाल्दा म्हणजे स्कर्ट. ती बसली की तिची मांडी म्हणजे फाल्दा, मग तिनं काहीही घातलेलं असो. लहान मूल आईच्या फाल्दात बसतं. त्यांना बसवा म्हणजे झालं." मी विहीणबाईंना खांदे धरून पाटावर बसवलं, मांडीवर माझी ओढणी पसरली आणि खण, नारळ, तांदूळ घातले. ओढणीची टोकं दोन्ही मुठींत घट्ट धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं माझ्या लग्नात मला कोणी दिलं नव्हतं."

लग्नाच्या सकाळी त्यांना माझ्यासारखं काजळ घालायचं होतं. मी समोर स्टुलावर बसवून त्यांची खालची पापणी ओढली. डोळे घारे, पाणीदार, सारखे मिचकावत. मला सांगायचं होतं की बाहुली वर फिरवा, नाहीतर काडी टोचेल. बाहुलीला कातालान शब्द येत नव्हता. मी माझ्या डोळ्याच्या मधोमध बोट दाखवलं.

"निनेता," त्या म्हणाल्या.

मी काजळाची काडी हातात धरून थांबले. 'निना' मला माहीत होतं. लहान मुलींची खेळायची बाहुली. निनेता म्हणजे छोटी बाहुली.

"डोळ्यात? छोटी बाहुली?"

"हो. जवळून बघ. आत एक इवलीशी बाई दिसते."

मी जवळून बघितलं. त्यांच्या डोळ्यात मी दिसत होते, काजळाची काडी घेतलेली. मी त्यांना सांगितलं की मराठीतही तिला बाहुलीच म्हणतात. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवलं आणि माझ्या डोळ्यात स्वतःला शोधू लागल्या. मुलगी साडी नेसून आत आली तेव्हा आम्ही दोघी नाकाला नाक लावून बसलेल्या. "तुम्ही दोघी ठीक आहात ना?" ती म्हणाली. आमचं दोघींचं काजळ फिसकटलं होतं.

लग्न आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये झालं. माणसं मोजकीच, भटजी पुण्याचेच पण इथे बँकेत नोकरीला. अंतरपाट एका बाजूनं यांनी आणि दुसऱ्या बाजूनं गुरुजींनी धरला. विहीणबाईंना लाल पैठणी नेसवली होती आणि त्या पदर सोडून सगळं व्यवस्थित सांभाळत होत्या.

जेवणाआधी मला दोन शब्द बोलायचे होते. मी मोठं भाषण पाठ केलं होतं, त्यात 'तानमातेश' चांगलं तीनदा होतं. उभी राहिले. मुलगी जावयाच्या शेजारी बसली होती. परवा ही जाणार हे मला तोपर्यंत कामाच्या गडबडीत नीटसं कळलंच नव्हतं, ते त्या क्षणी कळलं. पाठ केलेलं सगळं गेलं. मी विहीणबाईंकडे बघून एवढंच म्हणाले, "ही माझ्या डोळ्यांतली निनेता आहे. आता तुझ्याकडे देते." आणि त्यात मी त्यांना 'तू' म्हणाले. कधी ते माझं मलाच कळलं नाही.

विहीणबाई उठल्या. पदर खुर्चीत अडकला, तो ओढत माझ्याजवळ आल्या. त्या काय म्हणाल्या ते मला पूर्ण ऐकू आलं नाही, कारण त्या माझ्या खांद्यात तोंड घालून बोलत होत्या. नंतर जावयानं सांगितलं की 'आपल्या दोघींची' असं त्या सारखं म्हणत होत्या.

पंक्तीत गुरुजी आणि त्या शेजारी बसले आणि गुरुजींनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं की पुस्तकात 'लो' नसून 'एल' आहे.

"माझी आजी पुस्तकं वाचत नव्हती," विहीणबाई श्रीखंड चाटत म्हणाल्या, "आणि म्हणून काही ती बोलायची थांबली नाही."

मला वाटलं, झालं, आता पेटणार. "माझीही नव्हती वाचत," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी आजीचा कुठलासा शब्द सांगितला, चुलीतल्या राखेबद्दलचा. विहीणबाईंनी त्यांच्या आजीचा सांगितला. ते विचारतात, तुमच्याकडे बेडकाला काय म्हणतात, त्या विचारतात, तुमच्याकडे खोटारड्याला काय म्हणतात. मठ्ठा संपला तरी दोघं उठेनात. गुरुजींची बायको माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "घरी माझ्याशी इंग्रजी बोलताना त्याचे हात खिशात असतात. आज बघ." त्यांचे हात पंख्यासारखे फिरत होते. पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं एब्रोच्या मुखाशी जाऊन विहीणबाईंकडे पाहुणचार घेऊन आली, आणि परतल्यावर गुरुजी माझ्याशी बोलताना एकदा चुकून 'लो' म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मुलगी बार्सिलोनाला परत गेली. पहिले काही आठवडे मला फोनवर विहीणबाईंशी बोलताना रडू यायचं आणि त्या दुकानातून बोलत असल्या तर गिऱ्हाईकाला थांबवून मला धीर द्यायच्या. नंतर रविवार ठरला. आमची संध्याकाळ, त्यांचं जेवणाआधीचं काम उरकायची वेळ. मी भाजी निवडायची, त्या शेंगा सोलायच्या, फोन दोघींनी कशाला तरी टेकवून ठेवलेला. आता कधी कधी तर मी वऱ्हाडीतली म्हण तशीच्या तशी उचलून कातालानमध्ये टाकते आणि त्या ती गावात पसरवतात.

मागच्या रविवारी मुलीला खोकला झाल्याचं कळलं. मी म्हटलं, हळद घालून गरम दूध प्यायला सांग. विहीणबाई स्वतः औषधवाल्या. त्या म्हणाल्या, दूध रंगवून खोकला जात नाही, मी सिरप पाठवलंय. मी म्हटलं, हजार वर्षं जातोय. त्या म्हणाल्या, हजार वर्षांपूर्वी लोक खोकूनच मरत होते. मी म्हटलं, तुझ्या सिरपमध्ये साखरेशिवाय आहे काय? त्यांनी मला 'तोसूदा' म्हटलं, म्हणजे हेकट. मी त्यांना त्याहून चांगला शब्द दिला, जो मला गुरुजींनी नव्हे तर त्यांनीच एका मासळीवाल्याबद्दल बोलताना शिकवला होता. शब्द शोधायला मला कुठे थांबावं लागत नव्हतं. एकाला दुसरा लागून येत होता.

हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "भांडताय का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

"मग चहा आत्ता टाकू की नंतर?"

"जरा थांबा हो, ती उत्तर देतेय."